बिल एव्हन्स यांच्या व्हिलेज व्हॅनगार्ड संचाचा आठ महिन्यांचा अनुभव

जॅझ पियानोवादक बिल एव्हन्स यांच्या त्रयीने (तीन वादकांच्या संचाने) व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात केलेल्या वादनाचा तीन सीडींचा हा संच हाती आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो सदोष असल्याची तक्रार नोंदवली. पहिल्या सीडीवरील पहिलेच वादन, ‘ग्लोरियाज स्टेप’, मध्येच तुटते आणि पुन्हा सुरू होते. विक्रेत्याशी तीन आठवडे पत्रव्यवहार झाला, परतीचा टपाल खर्च मी केला आणि बदली मिळालेल्या संचातही आवाज नेमका त्याच जागी तुटला. तेव्हा कुठे मी यादीतील बारीक अक्षरे वाचली. त्या वादनापुढे ‘खंडित’ असे छापलेले आहे.

२५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कमधील या तळघरातील क्लबात ध्वनिमुद्रण चालू असताना वीज गेली आणि टेपवर खंड पडला. या ध्वनिमुद्रणातून १९६१ आणि १९६२ साली निघालेल्या दोन मूळ अल्बमांत हे वादन घेतलेले नव्हते. २००५ च्या या संपूर्ण संचात ते जसेच्या तसे आहे. टपाल खर्च मागण्याचा हक्क मला उरलेला नाही, हे मान्य आहे. परंतु ही साधी गोष्ट विक्रेत्याकडील एकालाही सांगता येऊ नये, याची चीड मात्र अजून गेलेली नाही.

दुसरी तक्रार श्रोत्यांबद्दल होती. पेल्यांची किणकिण, गप्पा, मध्येच कुणाचे हसणे हे सारे हेडफोनवर फार स्पष्ट ऐकू येते, आणि पहिले दोन महिने मला संगीताऐवजी तेच ऐकू येत होते. पुढे एकदा मी केवळ पियानोच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून पूर्ण सीडी ऐकली, आणि माझे मत बदलले.

एव्हन्स यांचा डावा हात स्वरसंघाचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, म्हणजे कॉर्डचा) मूळ स्वर बहुतेक वेळा वाजवतच नाही. तो स्वर बासवादक स्कॉट लाफारो यांच्यासाठी मोकळा सोडलेला असतो, आणि लाफारोही तेथे केवळ ठेका धरून न राहता पियानोला उत्तर देतात, कधी त्याच्या पुढे जातात. पॉल मोशन यांचे ड्रमही ताल मोजून दाखवत नाहीत, तर या बोलण्यात भाग घेतात. एकाने वाजवायचे आणि दोघांनी साथ करायची, ही त्रयीची जुनी मांडणी येथे मोडलेली आहे. पियानोवादनातील एव्हन्स यांचे खरे नवेपण मला या सोडून दिलेल्या स्वरात दिसते. हर्बी हॅनकॉक, चिक कोरिया आणि कीथ जॅरेट या पुढच्या पिढीतील वादकांवर त्यांचा जो प्रभाव मानला जातो, त्याचे एक मोठे कारण हेच असावे. जॅरेट यांनी पुढे मोशन यांनाच आपल्या त्रयीत घेतले, हेही ध्यानात घ्यावे.

१९२९ साली न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे जन्मलेले एव्हन्स त्या वेळी ३१ वर्षांचे होते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधील त्यांच्या वादनाला दोन वर्षे झाली होती. २५ जूनच्या त्या रविवारनंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेले. ते २५ वर्षांचे होते. एव्हन्स यांनी त्यानंतर कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. पुढे त्यांनी अनेक त्रयी उभ्या केल्या, परंतु अमली पदार्थांनी शरीर पोखरले आणि १५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, ते गेले. तिसऱ्या सीडीच्या अखेरीस लाफारो यांचीच ‘जेड व्हिजन्स’ ही रचना लागोपाठ दोनदा येते. ती मी अद्याप एकदाही दुसरे काम करत असताना ऐकू शकलेलो नाही.

खर्चाचा विचार केला तर दोन मूळ अल्बम वेगवेगळे घेणे स्वस्त पडते, आणि ज्यांना एकेक वादन एकदाच ऐकायचे आहे त्यांनी तेच घ्यावेत. मी मात्र हा संच ठेवणार आहे, कारण ‘ऑल ऑफ यू’ची त्या दिवशीची तिन्ही वादने यात आहेत, आणि त्या तिन्हींत डावा हात कोठे थांबतो हे ताडून पाहण्यात माझी गेली दोन महिन्यांची संध्याकाळ जात आहे.