जवसाची पाने आणि वाटाण्याचे मानक: जीनोम मोजून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

लागवडीचे जवस आणि त्याची रानटी भावंडे यांच्या जीनोमचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, आकार मोजून घेण्यासाठी यंदा रत्नागिरीहून दोनदा पानांचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले. काम शेवटी झाले, पण दुसऱ्या फेरीत.

जवस हे कोकणातले पीक नव्हे, आमच्याकडे ते बहुधा चटणीच्या डब्यातच भेटते. त्यामुळे रोपे अंगणातल्या कुंड्यांत थंडीत वाढवली आणि घाटमाथ्यावरून पिवळ्या फुलांच्या लायनम मायसुरेन्स या रानटी भावंडाच्या फांद्या आणल्या. प्रयोगशाळेच्या सूचनापत्रात ‘बर्फात पाठवा’ एवढेच होते. प्रत्यक्षात पान गोठले की ज्यांतला डीएनए मोजायचा ती पेशींची केंद्रके फुटतात. म्हणून ओल्या टिपकागदात गुंडाळलेली पाने आणि बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घालून, मासळीवालीकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीतून ती रात्रीच्या एसटीने रवाना केली. पेटीला बांगड्याचा वास होता, त्याबद्दल तिकडून तक्रार आली नाही.

खरी चूक मानकाच्या निवडीत झाली. फ्लो सायटोमेट्री या पद्धतीत नमुन्याचे आणि ज्ञात जीनोमच्या मानक वनस्पतीचे पान एकाच द्रावणात पात्याने बारीक चिरतात, गाळतात, आरएनए काढून टाकून प्रोपिडियम आयोडाइड या डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने रंगवतात. यंत्र केंद्रकांची चमक मोजून आलेख काढते आणि त्यातल्या दोन्ही शिखरांच्या जागांच्या गुणोत्तरावरून उत्तर मिळते. पहिल्या अहवालात मानक म्हणून वाटाणा होता. त्याच्या एका केंद्रकातला डीएनए ९.०९ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग), म्हणजे जवसाच्या सुमारे १२ पट. एवढ्या अंतरावर यंत्राची किंचित चूकही उत्तर बिघडवते. १.११ पिकोग्रॅमचा मुळा हाताशी असताना वाटाणा का घेतला, याचे पटेल असे उत्तर मिळाले नाही. मात्र मोजणी विनाशुल्क पुन्हा करून दिली आणि मूळ आलेखही पाठवले, हे नोंदवायला हवे.

दुसऱ्या आलेखात जवसाचे शिखर मुळ्याच्या ०.६८ पट जागी, सुईसारखे अरुंद आले. त्यावरून गुणसूत्रांच्या दुहेरी संचात सुमारे ०.७५५ पिकोग्रॅम, म्हणजे एकेरी संचात डीएनएच्या अंदाजे ३७ कोटी बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) निघतात, आणि हा आकडा जवसासाठी प्रसिद्ध झालेल्या फ्लो सायटोमेट्रीच्या मापाशी जुळतो. रानटी नमुन्याचे शिखर मात्र पसरट होते. पाने इवलीशी, त्यातून प्रवासात मलूल झालेली. तो आकडा अहवालात ठळक अक्षरांत छापलेला असला तरी मी माझ्या वहीत उतरवलेला नाही. पुढच्या वेळी फांद्यांऐवजी मुळासकट रोप कुंडीतूनच पाठवणार आहे.