कास पठार: नागपूरहून जावं का? जावं, पण घाई करू नका

आपल्याकडचे बरेच जण साताऱ्याजवळच्या कासला, त्या फुलांच्या पठारावर, जाऊन आले की एकच सांगतात, फोटोत दाखवतात तसं काही नाही तिथं, एवढ्या लांब जायची गरज नाही. मला हे बिलकुल पटलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो.

जायचं कसं? महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूरहून थेट साताऱ्याला जाते, कुठं बदलायची भानगड नाही, फक्त जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो. साताऱ्यातून वर पठार साधारण २५ किलोमीटर, सगळा घाट. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, कारण दिवसाला ३००० लोकांचीच मर्यादा आहे आणि शनिवार-रविवार पटकन भरतात. गाडी खाली पार्किंगला लावायची, पुढं त्यांच्या बसनं. तिकीट, पार्किंग, गाईड हे सगळं वनविभागासोबत कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या समित्या बघतात, म्हणजे पैसा गावात राहतो, हे मला फार आवडलं.

गाईड घ्याच बाप्पा. तिथं पैसे वाचवू नका. आमच्यासोबत गावातलाच पोरगा होता, आईला म्हणाला, "काकू, पाय जपून टाका, तुमच्या चपलेखाली पण फूल आसंल," आणि खरंच होतं, पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं. गेंद म्हणतात त्याला.

आपल्याला सवय ताडोबा-पेंचची, जिप्सीत बसायचं, वाघ दिसला की पैसे वसूल. इथं ते चालत नाही. लांबून बघितलं तर गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी एवढंच दिसतं, तेही ऊन-पावसाचं गणित जमलं तर, आणि मग माणूस म्हणतो की फोटोत वेगळं होतं. पण गुडघ्यावर बसलं की वेगळीच दुनिया आहे. त्या पोरानं भिंग दिलं आणि ड्रोसेरा दाखवला, म्हणजे किडे खाणारं बारकं झाड. पानावर लाल लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, दव पडल्यासारखा, आणि एका पानाला बारकं चिलट चिकटलेलं, त्याचा एक पाय अजून हलत होता. मी, आई आणि बायको, आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. बाजूलाच सीतेची आसवं, निळी-जांभळी, इवलीशी, तीही कीटकभक्षीच, फक्त तिचा सापळा खाली ओल्या मातीत असतो, मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे असतात आणि पाण्यातला जीव त्यात खेचला जातो. असं का, तर पठारावर जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, पावसानं सगळं धुऊन जातं, मातीत खायला काही उरत नाही, म्हणून झाडं किडे धरतात. हे कळल्यावर त्या पातळ मातीवर बूट ठेवायची पण भीती वाटते. डबक्यात वायतुरा दिसला, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे आणि सह्याद्रीची ही पठारं सोडली तर तो जगात कुठंच उगवत नाही. टोपली कारवीची नुसती झुडपं दिसली, ती दर ७ वर्षांनी एकदा फुलते.

आणि अशा जागेवर लोक फुलात लोळून रील काढतात! गाईड शिट्ट्या मारून मारून थकतात. एक बाई चक्क लेकराला तेरड्यात बसवून फोटो काढून राहिली होती. पठारावर मागं तारेचं कुंपण होतं, ते पुढं काढलं, कारण गुरं आणि रानातली जनावरं फिरली नाहीत तर गवत माजतं आणि फुलं दबतात असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. मला ते बरोबर वाटतं, पण मग आता फुलं वाचवणं आपल्याच हातात आहे ना. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात कासही आहे, ८५० च्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती आहेत तिथं, हे काही सेल्फी पॉइंट नाही.

पॅकेज टूरवाल्यांसोबत मात्र जाऊ नका. ओळखीचे एक जण तसे गेले, त्यांना पठारावर तासभर दिला आणि लगेच महाबळेश्वर, मग काय दिसणार? अर्धा दिवस तरी द्या. कुमुदिनी तळ्यापर्यंत चांगलंच चालावं लागतं, आईचे गुडघे दुखतात म्हणून ती आणि बायको मागं थांबल्या, मी एकटाच जाऊन आलो. पाण्यावर पांढरी फुलं, झालरीच्या पाकळ्या, तिथं गर्दी अगदीच कमी. वर छत्री वाऱ्यानं उलटी होते, रेनकोट बरा. खायचं साताऱ्यातूनच न्या, कचरा परत आणा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो गर्दीपायी. सप्टेंबरातला मधला वार धरा, सकाळची पहिली वेळ घ्या, आणि परतीचं रिझर्वेशन लवकर करा, गणपतीच्या दिवसात गाडी फुल्ल असते.