चार बँड, एक डफ आणि अर्थिंग नसलेला बोर्ड

भाचा बास गिटार वाजवतो म्हणून गेलो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे त्याच्या बँडबद्दल मी जे चांगलं लिहीन ते अर्धंच खरं धरा.

शनिवारी नागपुरात धरमपेठेतल्या एका क्लबात चार बँडची रात्र होती. मेट्रोने शंकरनगर चौकाला उतरलो, भुरभुर पाऊस होता, छत्री न उघडताच चालत गेलो. तिकीट 500 रुपये, त्यातले 300 खाण्यापिण्यात वळते. वेळ 7 ची. मी पावणेसातला दारात, तर दारावरचा पोट्टा म्हणतो, "काका, अजून साउंड लागून राहिला." मला त्याचं नवल नाही. नव्वदच्या दशकात मी गणपतीत ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचो. महाल, नंदनवन, पार कामठीपर्यंत मेटॅडोरमध्ये स्पीकरवर बसून फिरलोय. तेव्हाही सातचा कार्यक्रम नऊला लागायचा. फक्त तेव्हा समोरची मंडळी फुकटात बसलेली असायची.

पहिला बँड 7.50 ला उभा राहिला. इंजिनिअरिंगची चार पोरं, सगळी गाणी दुसऱ्यांची. ड्रमवाल्याचा हात मोकळा आहे, पण प्रत्येक गाणं सुरू होताना एका लयीत आणि संपताना बस सुटल्यासारखं. वयाचा दोष आहे, जाईल. त्यांच्याबद्दल इतकंच.

माझं लक्ष खरं तर त्यांच्याकडे नव्हतंच. गिटारमधून सारखी "हूंऽऽ" अशी गुणगुण येत होती. गिटारवाल्याने तारांवर हात ठेवला की कमी, उचलला की पुन्हा चालू. मी 31 वर्षं वीज खात्यात काढली. तो सूर मला झोपेतही ओळखू येतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते आणि अर्थिंग धड नसलं की तीच स्पीकरमधून गायला लागते. थोडी गुणगुण कुठेही असते, त्याचं काही नाही. ही थोडी नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं कूलर चालू आहे.

दुसरा बँड भाच्याचा. चांगला वाजला. पुढे चला.

तिसऱ्या बँडची गाणारी मुलगी स्वतःच गिटार घेऊन आली. गाणी तिचीच, मराठीत. एक गाणं नागनदीवर होतं. जिच्यावरून गावाला नाव मिळालं तिला आपण सर्रास नाला म्हणतो, आणि ही पोरगी तिला 'आजी' म्हणून हाक मारत होती. आवाज थोडा खरखरीत, शब्दावर थांबण्याची जागा मात्र पक्की. दुसऱ्या गाण्यात ती माइकजवळ झुकली, ओठ टेकले आणि एकदम झटक्याने मागे सरकली. लोकांना वाटलं अदा आहे, शिट्ट्या पडल्या. मला कळलं, चटका बसला. हातात गिटार एका बोर्डावरची, ओठाला माइक दुसऱ्या बोर्डावरचा, आणि दोघांतला फरक तिच्या अंगातून गेला. त्यानंतर ती माइकपासून चार बोटं लांब राहून गायली आणि तो खरखरीतपणा, ज्याच्यासाठी ऐकावं, तो हवेतच राहिला.

मला बसवेना. दोन गाण्यांच्या मधे साउंडवाल्याकडे गेलो. "बाबू, गिटारच्या ॲम्प्लिफायरला लाइन कुठून घेतली?" तो म्हणे, बारमागून. बारमागे जाऊन पाहतो तर फ्रिजच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढलेलं. वरून तीन पिनांचा प्लग, दिसायला शहाणा. पण वायर दोनच तारांची. जाड पिन नुसती शोभेला! अर्थिंगची तार त्यात नाहीच. ॲम्प तिथून काढून माइकचा मिक्सर ज्या बोर्डावर होता त्याच बोर्डावर घेतला. पाच मिनिटांचं काम. गुणगुण निम्म्याहून खाली आली. मुलीने आधी बोटाने माइकला शिवून पाहिलं, मग हळूच ओठ नेले, आणि पुढची तीन गाणी अशी गायली की बारवाल्याने बर्फ फोडणं थांबवलं. क्लबवाल्यांनी 500 रुपये घेताना त्यातले दोनशे त्या वायरीवर घालावेत. चटक्यावर निभावलं म्हणून हसून सोडायची ही गोष्ट नाही. स्टेजवर पावसात भिजलेले बूट घालून पोरं उभी होती.

आता चौथा बँड, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. पाच जण, त्यात एक बास, एक गिटार, आणि पुढे डफ घेतलेला पस्तिशीचा गृहस्थ. आमच्याकडच्या खडी गंमतीत, म्हणजे लोकनाट्यात, डफ-ढोलकी ऐकलेल्या माणसाला नव्या पोरांनी काहीतरी फ्यूजन म्हणून डफ नुसता टांगलेला पाहिला की राग येतो. मी तयारीनेच बसलो होतो. तेवढ्यात तो गृहस्थ डफ घेऊन थेट किचनमध्ये शिरला. मी डोकावलो. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं. तो गॅसच्या शेगडीवर डफ वीतभर उंच धरून गोल फिरवत होता. मधूनच बोटाने टिचकी, पुन्हा ऊब, पुन्हा टिचकी. आचारी कढई हातात धरून थांबलेला. आधी "थप्प" असा येणारा आवाज दोन मिनिटांत "टण्ण" वर आला. तेव्हाच समजलो, हा माणूस नुसता टांगणारा नाही.

पहिलं गाणं भीमगीताच्या चालीचं, ठेक्यावर अख्खा हॉल. अंगात भिनलेलीच चाल ती. इथून दीक्षाभूमी किती लांब आहे? 1956 पासून हे गाव ती गाणी ऐकतंय. पण नवी गोष्ट अशी की बासवाला डफाच्या घुमाऱ्याच्या वाटेत येत नव्हता. डफ पडला की तो गप्प, डफ सुटला की तो आत. मी ऑक्टोपॅडवर दहा वर्षं बडवलं, ही अक्कल मला कोणी शिकवली नव्हती.

आणि चार गाण्यांत खेळ खल्लास! 11.05 ला दिवे लागले. कारण सांगतो. सिगारेटवाल्यांसाठी मागचं दार आहे, ते रात्रभर उघडं-बंद होत राहिलं. 2000 सालच्या नियमात रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, बंदिस्त हॉलला तेवढी सवलत. पण दार सताड उघडं ठेवून बंदिस्त कसं म्हणायचं? गल्लीतल्या कुणी तक्रार केली, आणि त्यांचंही खरंच आहे. हिशोब मांडला तर 7.50 ते 11.05 मध्ये गाणं सव्वादोन तासही नाही. 70 मिनिटं बँड बदलण्यात. ड्रमसेट एकच, तरी प्रत्येक ड्रमवाला येऊन स्टूल, झांजा, सगळं नव्याने लावतो. आम्ही स्टेजवर खडूने खुणा करायचो, कुणाचा स्टँड कुठे ते. खडू दोन रुपयाला मिळतो. शेवटच्या बँडला आणखी चार गाणी त्यात बसली असती.

खाणं सोडून द्या. मसाला शेंगदाणे 180 रुपये, आणि शेंगदाणे मोजून.

जाणार असाल तर कानात फोमची बोळी घेऊन जा, मेडिकलमध्ये मिळतात. कापूस कामाचा नाही. स्पीकरपुढे माझ्या मोबाइलने 101 डेसिबल दाखवले. मोबाइलचं माप कच्चं, पण 85 ला आठ तास चालतं आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला पंधराच मिनिटं. आणि मधल्या सोफ्यांवर बसू नका. बासची जाड तार खुली वाजवली तर सेकंदाला 41 कंपनं. एवढ्या खालच्या सुराची लाट आठ मीटरहून लांब, ती भिंतींवर आपटून परत येते आणि हॉलच्या मधोमध स्वतःलाच खाऊन टाकते. बारशेजारच्या खांबाला पाठ टेकून उभे राहा.

निघताना पोरं ड्रमच्या झांजा ऑटोत कोंबत होती. भाचा ओला-चिंब, गिटारची पिशवी छातीशी धरून आला. "मामा, बास ऐकू आला ना?"

"खांबाशी आला," मी म्हटलं. "सोफ्यावर नाही."

"आई सोफ्यावर बसली होती," तो म्हणाला.