अडकणारे बोट आणि मधुमेह: पुण्यातील एका हँड सर्जरी दवाखान्याच्या सेवेचे परीक्षण

माझ्या आईच्या उजव्या हाताचे मधले बोट सकाळी तळहाताकडे मिटलेल्या अवस्थेत अडकलेले असे. दुसऱ्या हाताने ओढल्यावर ते कट्‌कन सुटे आणि कळ बोटाच्या मुळाशी, तळहातात उमटे. तिचे वय सत्तरीच्या आसपास असून तिला अनेक वर्षांचा मधुमेह आहे. या आजाराला ट्रिगर फिंगर म्हणतात. त्यासाठी आम्ही पुण्यातील, केवळ हाताचे विकार पाहणाऱ्या एका सर्जनच्या दवाखान्यात उपचार घेतले, त्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

आधी एका ठिकाणी एमआरआय सुचवण्यात आला होता. येथे मात्र डॉक्टरांनी तिला मूठ मिटून उघडायला सांगितले, तळहातावरची गाठ अंगठ्याने दाबून पाहिली आणि निदान केले. या आजाराचे निदान बहुतेक वेळा हाताच्या तपासणीवरच होते. बोट मिटवणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, ज्या आवरणातून सरकतात, त्याच्या तोंडाशी ए-वन नावाचा पट्टा असतो, तो जाड झाला की कंडरेवरची गाठ त्याखाली अडकते, हे त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवले. तेलाने चोळून हा पट्टा सैल होत नाही, हे ऐकून आईचा चेहरा थोडा पडला, पण प्रश्न तेथेच मिटला.

उपायांची चर्चा हा या सेवेचा सर्वांत उजवा भाग होय. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी रात्री साधारण सहा आठवडे वापरणे हा पहिला उपाय. तो नुकत्याच सुरू झालेल्या त्रासात उपयोगी पडतो, आईचे बोट त्यापलीकडे गेले होते. दुसरा उपाय स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा. मधुमेह नसलेल्या अनेक रुग्णांना एकाच इंजेक्शनने दीर्घकाळ आराम पडतो, म्हणून बहुतेक ठिकाणी सुरुवात त्यानेच होते. मात्र मधुमेहात त्याच्या यशाचे प्रमाण कमी असते आणि रक्तातील साखर पुढचे काही दिवस चढते. शिवाय इंजेक्शन दिल्यानंतर थोड्याच आठवड्यांत शस्त्रक्रिया करावी लागली, तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे ‘आधी सुई घेऊन पाहू, नाही जमले तर पुढच्या महिन्यात कापू’ हा आपल्याकडचा लाडका हिशेब येथे चुकतो. हा मुद्दा डॉक्टरांनी आम्ही न विचारता मांडला, आणि याच मुद्द्यामुळे आमचा निर्णय झाला.

तिसरा मार्ग जाड सुईच्या टोकाने, त्वचेवर छेद न घेता, पट्टा मोकळा करण्याचा. मधल्या बोटासाठी तो योग्य ठरू शकतो. अंगठ्यात संवेदनेची नस पट्ट्याच्या अगदी जवळून जात असल्याने तेथे अधिक जपावे लागते. पट्टा डोळ्यांसमोर ठेवून तो पूर्ण सुटल्याची खात्री करता यावी, यासाठी आम्ही उघडी शस्त्रक्रिया निवडली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी अहवाल पाहून साखर आटोक्यात येईपर्यंत थांबायला लावले.

शस्त्रक्रिया फक्त जागेवर भूल देऊन झाली. भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन मिसळल्याने रक्तस्राव कमी होतो आणि दंडावर आवळपट्टी बांधावी लागत नाही. पट्टा कापल्यावर डॉक्टर म्हणाले, “काकू, आता बोट मिटवा, उघडा,” आणि ते न अडकता हलल्यावरच त्यांनी टाके घातले. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाकडून ही खात्री करून घेता आली नसती. बोट त्याच दिवसापासून हलवत राहायचे होते. टाके सुमारे दोन आठवड्यांनी निघाले. व्रणाची जागा मात्र त्यानंतरही बराच काळ दुखरी राहिली आणि कणीक मळताना आईला ते जाणवत असे. ‘छोटीशी शस्त्रक्रिया’ या शब्दांत हा काळ धरलेला नसतो, तो घरच्यांनी धरावा.

उणिवाही सांगायला हव्यात. वेळ ठरवूनही बराच वेळ ताटकळावे लागते. व्यायामाचा छापील कागद केवळ इंग्रजीत आहे. ज्येष्ठ मराठी रुग्णांची एवढी ये-जा असलेल्या दवाखान्याला हे शोभत नाही. खर्चाचा अंदाज तोंडी मिळाला, लेखी मागावा लागला. तो मागून घ्यावाच, कारण अनेक मेडिक्लेम पॉलिसींत डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या, शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो, पण बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शनचा मिळत नाही, आणि त्यामुळे रुग्णाचा कल नकळत शस्त्रक्रियेकडे झुकू शकतो. या दवाखान्यात विम्याची चौकशी उपचार ठरल्यानंतर झाली, आधी नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो.