एक्झोडस, टेस्टामेंट की मेटालिका? पुनरागमनाच्या तीन अल्बमांतून एकच घ्यायचा असेल तर

थ्रॅश मेटल, म्हणजे रॉकचा वेगवान आणि आक्रमक प्रकार. त्याच्या जुन्या बँडांनी पुनरागमनाचे अल्बम बरेच काढले. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्याने गिटार हाती घेतलेली मुलं माझ्याशी बोलायला लागली की गाडी तीन अल्बमांपाशी येऊन थांबते: एक्झोडसचा ‘टेंपो ऑफ द डॅम्ड’ (२००४), टेस्टामेंटचा ‘द फॉर्मेशन ऑफ डॅम्नेशन’ (२००८) आणि मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८). तिन्ही बँड सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास वाढलेले आणि तिघांचीही मधली वर्षं खडतर गेलेली. पैसे एकाच सीडीपुरते असतील तर कुठली मागवायची, एवढ्यासाठी हा आढावा. माझं उत्तर एक्झोडस आहे. पण तुम्ही कशावर ऐकता आणि स्वतः वाजवता का, यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

यातल्या दोन अल्बमांचं मूळ एकाच रात्रीत सापडतं. २००१ साली टेस्टामेंटचा गायक चक बिली याला कॅन्सर झाला. त्याच्या उपचारांना हातभार म्हणून त्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठी मैफल झाली. पांगलेले, एकमेकांशी बोलणं सोडलेले वादक त्या निमित्ताने पुन्हा एका मंचावर आले. एक्झोडस आपल्या पहिल्या अल्बमच्या गायकाला, पॉल बालॉफला घेऊन वाजवायला उतरलं. नवा अल्बम त्याच्याच आवाजात व्हायचा होता, पण फेब्रुवारी २००२ मध्ये पक्षाघाताने तो गेला. मग गिटारवादक गॅरी होल्टने स्टीव्ह ‘झेट्रो’ सूझाला परत बोलावलं. हा झेट्रो एक्झोडसमध्ये येण्याआधी टेस्टामेंटच्याच जुन्या अवतारात, ‘लेगसी’मध्ये गात असे.

‘टेंपो ऑफ द डॅम्ड’ हा एक्झोडसचा बारा वर्षांनंतरचा स्टुडिओ अल्बम. निर्माता अँडी स्नीप. ‘ब्लॅकलिस्ट’ लावा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त गिटारवादकाच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या. वेग मध्यम आहे, तळवा तारांवर दाबून धरलेला आहे, आणि प्रत्येक आघात इतका नेमका तुटतो की मधली शांतता मोजता येते. थ्रॅश म्हणजे नुसता वेग, हा समज इथे गळून पडतो. पुढे होल्ट आणि दुसरा गिटारवादक रिक हुनोल्ट यांचे सोलो (गिटारने एकट्याने पुढे येऊन वाजवलेल्या सुरावटी) सुरू झाले की कुडाळ-कणकवलीकडच्या माणसाला डबलबारी भजनाची आठवण होईल: एका बुवाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं आणि वर चढवून परत करायचं. ‘इम्पेलर’ हे गाणं तर मेटालिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट आधी एक्झोडसमध्ये असतानाचं, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. स्टुडिओ अल्बमवर यायला त्याला दोन दशकं लागली.

अल्बमचं स्वागत जोरात झालं, बँड मात्र टिकला नाही. त्याच वर्षी झेट्रो बाहेर पडला आणि २००५ च्या पुढच्या अल्बमवर हुनोल्ट नाही, ड्रमर टॉम हंटिंगही नाही. या अल्बमवरच्या पाच जणांचा एकत्र स्टुडिओ अल्बम एवढा एकच, म्हणून माझं झुकतं माप त्याला.

टेस्टामेंटबद्दल थोडक्यात. चक बिली बरा झाला आणि गिटारवादक अ‍ॅलेक्स स्कॉल्निक परतला. १९९२ नंतर टेस्टामेंटच्या नव्या गाण्यांच्या अल्बमवर तो पहिल्यांदाच पूर्णवेळ वाजवतो. मधल्या काळात त्याने न्यूयॉर्कला जाऊन जॅझचं शिक्षण घेतलं होतं आणि ते सोलोंमध्ये ऐकू येतं: सूर गाता येतील असे, कुठेही धसमुसळेपणा नाही. ‘मोअर दॅन मीट्स द आय’ ऐकून पाहा. गाणारा चक बिली, मरणाच्या दारातून आलेल्या माणसाचा तो आवाज आहे आणि त्याची ताकद पाहून माझा ऊर भरून येतो. तिघांत सर्वांत समतोल अल्बम हाच, पण ड्रमचा आवाज मला जरा जास्तच घासूनपुसून काढलेला वाटतो.

आता मेटालिका. ‘सेंट अँगर’मध्ये (२००३) एकही गिटार सोलो नव्हता आणि स्नेअर हा ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजत होता, म्हणून चाहते दुखावले होते. बँडने बॉब रॉकऐवजी रिक रुबिनला निर्माता म्हणून घेतलं. सोलो परतले, लांबलचक रचना परतल्या, बहुतेक गाणी गिटारच्या तारा नेहमीसारख्या जुळवून, साध्या ट्यूनिंगवर आली. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४,९०,००० प्रती खपल्या, ‘माय अपोकॅलिप्स’ला ग्रॅमी मिळालं. गाणी खरोखर चांगली आहेत.

घोळ झाला आवाजात. सगळं इतकं मोठं करून दाबलं गेलं, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच पुसला गेला, की ड्रमचा आघात फाटतो. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेल्या रूपात आली, चाहत्यांनी दोन्ही शेजारी लावून फरक दाखवला आणि अल्बम पुन्हा मिक्स करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, करणारे टेड जेन्सन यांनीही, मिक्स (सगळी वाद्यं एकत्र जुळवलेलं ध्वनिमुद्रण) आपल्याकडे आलं तेव्हाच ते दाबलेलं होतं, असं सांगितलं.

आपल्याकडे याचा पडताळा सहज घेता येतो. कोकण रेल्वेने जाताना साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात साध्या इअरफोनवर ‘डेथ मॅग्नेटिक’ लावा. गाडीच्या धडधडाटातही सगळं ऐकू येईल, कारण त्यात हळू असं जवळपास काहीच नाही. तेच घरी, रात्री, बऱ्या हेडफोनवर लावा. अल्बम जवळजवळ सव्वा तासाचा आहे, माझे कान निम्म्यावरच थकतात. एक्झोडसचं नेमकं उलट: बोगद्यात बारकावे हरवतात, घरी पूर्ण अल्बम सलग ऐकवतो.

एलपी की सीडी, हेही विचारलं जातं. किनाऱ्यावर राहत असाल तर सीडी घ्या. एलपीच्या तबकडीला दमट हवेने फारसं काही होत नाही, पण पुठ्ठ्याच्या कव्हरवर आषाढ संपेपर्यंत बुरशी धरते आणि घरभर तो वास राहतो. एलपीच हवी असेल तर बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून उभी ठेवा, आणि पुड्या अधूनमधून बदला.

गाडीत किंवा प्रवासातच ऐकणार असाल आणि थ्रॅश नवं असेल, तर मेटालिका घ्या. ‘ऑल नाइटमेअर लाँग’पासून सुरुवात करा. सोलो शिकायचे असतील तर टेस्टामेंट. रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या ओळी) शिकायचे असतील तर एक्झोडस, आणि ‘ब्लॅकलिस्ट’ आधी निम्म्या वेगाने, मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) लावून, फक्त खालच्या दिशेच्या आघातांनी बसवा. मनगट आखडलं की थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.