लिनक्सवर घरखर्चाचा हिशोब: ग्नूकॅश की होमबँक?

विंडोज सोडून उबंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) आलो तेव्हा जुना हिशोब क्यूआयएफ फाईलमध्ये (हिशोबाच्या प्रोग्रामांमध्ये देवाणघेवाणीसाठीची फाईल) काढून घेतला होता, ती फाईल ग्नूकॅश आणि होमबँक या दोन्ही प्रोग्रामांत इम्पोर्ट होते, म्हणजे निम्मं टेन्शन तिथंच गेलं. ग्नूकॅश म्हणजे पक्की दुहेरी नोंद, किराण्याचे ५०० टाकले की किराण्याचं खातं वाढतं, रोखीचं घटतं, पहिला आठवडा डोकं भणभणतं राव! पण शेअर, म्युच्युअल फंड, कर्जाचे हप्ते सगळं एकाच फाईलीत बसतं. होमबँक दहा मिनिटांत समजतं, बजेट, चार्ट मस्त, फक्त सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाईल) इम्पोर्ट करताना कॉलम त्याच्या क्रमानेच लागतात आणि गुंतवणुकीचं नाव काढायचं नाही. बायकोला होमबँक लावून दिलंय, मी मात्र एसआयपीपायी ग्नूकॅशलाच चिकटलोय.