कार्नाकची मार्गदर्शित फेरी: थडग्यांवरचे क्रूस

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कार्नाक येथे एका स्थानिक संस्थेने घडवलेली पायी फेरी, प्रागैतिहासिक उभ्या दगडांच्या प्रसिद्ध रांगा ओझरत्या दाखवून उरलेला वेळ ख्रिस्ती खुणा असलेल्या प्रागैतिहासिक थडग्यांना देते, आणि हीच तिची जमेची बाजू आहे. सँ-मिशेल हा सुमारे 125 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद दफनटेकाड इ. स. पू. पाचव्या सहस्रकातला असून त्याच्या माथ्यावर सतराव्या शतकापासून चॅपेल आहे; आत जाता येत नसल्यामुळे मार्गदर्शिकेने चढणीवर थांबूनच आतील कक्षांची रचना रेखाटनांवरून समजावली, ती फार उत्तम. क्रूझ-मोकेन या थडग्यात मोजक्या शिळांच्या आधारावर तोललेल्या छतशिळेवर उभा असलेला छोटा दगडी क्रूस पाहताना मात्र अर्धा तासही कमी वाटला.

तक्रार एकच, पण महत्त्वाची. ब्रिटनीतल्याच पण कार्नाकपासून दूर असलेल्या प्ल्युमर-बोदू येथील सँत-उझेकच्या शिळेवर 1674 मध्ये वर क्रूस बसवून येशूच्या यातनांची साधने कोरली गेली, हे मार्गदर्शिकेने सांगितले खरे. परंतु ती उभी शिळा म्हणजे थडगे नव्हे, हा फरक स्पष्ट केला नाही. शिवाय प्रत्येक क्रूसामागे जुन्या श्रद्धेवरचा विजयच असतो, असा तिचा सूर होता. गावकऱ्यांना ती जागा आधीपासूनच पूज्य वाटत असावी, ही शक्यता निदान उल्लेखायला हवी होती (माझे स्वतःचे मत त्याच बाजूला झुकते). वारा जोरदार असतो. टोपी बांधूनच जावे.